गाडी धुणं, पॉलिश आणि वॅक्स घरच्या घरी: क्रम चुकवू नका

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळीकडे एकच प्रकार दिसतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, बादलीत कपड्यांची पावडर कालवून गाडी पुसायची, आणि शेवटी डब्यातलं पॉलिश घेऊन गोल गोल हात फिरवायचा. दुपारी गाडी चकचकीत दिसते. रात्री ती पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्यांखाली उभी राहिली की बॉनेटवर कोळिष्टकासारखी बारीक जाळी दिसायला लागते. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर ती चटकन डोळ्यांत भरते. पांढऱ्या गाडीवरही असते, फक्त दिसत नाही.

ही जाळी म्हणजे हजारो बारीक चरे, आणि त्यातले बहुतेक आपल्याच फडक्याने पडलेले असतात. गेल्या काही वर्षांत शेजारी, नातेवाईक, मित्र अशा बऱ्याच जणांच्या गाड्यांवर मी हात चालवला. प्रत्येक ठिकाणी चुका त्याच होत्या आणि बहुतेक चुका क्रमाच्या होत्या. म्हणून सगळं क्रमवार लिहितो आहे.

## आधी एक गोष्ट पक्की करा: पॉलिश काढतं, वॅक्स चढवतं

आजकालच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हा वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. चमक त्याचीच, आणि बारीक चरेही त्याच्यातच.

पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते या थराचा वरचा अंश घासून काढतात, चऱ्यांच्या कडा सपाट होतात आणि उजेड पुन्हा सरळ परततो. वॅक्स काहीच काढत नाही. ते वर एक पातळ संरक्षक पापुद्रा चढवतं. बाजारात दोन्ही डब्यांवर ‘पॉलिश’ लिहिलेलं सापडतं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. डब्याची मागची बाजू वाचा. कंपाउंड, रबिंग किंवा चरे घालवण्याचा उल्लेख असेल तर ते घासणारं आहे, आणि ते दर महिन्याला लावायची वस्तू नाही. घासलेला थर परत येत नाही.

हे काम करू नका, जर: गाडीचा रंग मॅट असेल (पॉलिशने डाग पडल्यासारखे चमकदार पट्टे उठतात), सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म बसवलेली असेल (धुण्यापर्यंतचे टप्पे चालतील, क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, आणि पॉलिश नको), किंवा एखादा भाग नुकताच रंगवला असेल. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला वॅक्स लावण्याआधी किमान महिनाभर जाऊ द्या. रंगातले सॉल्व्हंट उडून जायला तेवढा वेळ लागतो.

## तयारी: दिवस, जागा, पाणी, सामान

पावसाळा संपून दसरा–दिवाळीच्या मध्ये जे दोन-तीन आठवडे मिळतात ते या कामाला उत्तम. पण ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. सकाळी सातला सुरू करा आणि सावलीत करा. बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवून बघा. चटका बसतोय असं वाटलं तर थांबा. गरम पत्र्यावर शॅम्पू वाळून डाग पडतात, पॉलिश सुकून पांढरी पावडर होते आणि वॅक्स चिकटून बसतं. लांबून चालवून आणलेल्या गाडीचं बॉनेट इंजिनाने तापलेलं असतं, तिला तासभर गार होऊ द्या.

सावली झाडाची नको. माझा नियम आहे की झाडाखाली धुणं चालेल, पॉलिश-वॅक्स नाही. वरून काही ना काही पडत राहतं आणि तेच फडक्याखाली सापडतं.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. बोअरचं पाणी जड असतं. ते गाडीवर वाळलं की पांढरे गोल ठिपके राहतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवून गाडी धुणारे खूप आहेत. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. ते फरशीला वापरा. गाडी बोअरच्या पाण्याने धुवावी लागली तरी शेवटचं पाणी नळाचं घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्याहून बरं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून बादलीभर साठवून ठेवलं तर शेवटच्या धुण्याला पुरतं.

सोसायटीत पाइप लावायला मनाई असेल तर अडून बसू नका. शेतात फवारणीला वापरतात तसा पाच लिटरचा हातपंप नवा घ्या. एका हॅचबॅकला चार-पाच वेळा भरून पुरतो. मात्र ज्यात कधी औषध किंवा तणनाशक भरलेलं होतं तो पंप गाडीला लावू नका.

सामान असं:

- १५ ते २० लिटरच्या दोन बादल्या, आणि चाकांसाठी वेगळी एक जुनी
- कार शॅम्पू. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर नको
- मायक्रोफायबरचा हातमोजा. चाकांना वेगळं फडकं आणि ब्रश
- पाणी टिपायला एक मोठं जाड फडकं, ८०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं
- पुसायला ३०० ते ४०० जीएसएमची किमान सहा फडकी
- बारीक ग्रेडचा क्ले बार
- मास्किंग टेप, चांगला टॉर्च
- पॉलिश, फोमचे पॅड, वॅक्स
- आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग, स्प्रेच्या बाटलीत

फडक्यांच्या कडेला शिवलेलं कंपनीचं लेबल कात्रीने कापून टाका. ते लेबल चरे पाडतं. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा, आणि पट्ट्याचं बक्कल झाकलं जाईल असा सैल शर्ट घाला. दरवाजावर वाकून काम करताना ते बक्कलच पत्र्यावर घासत असतं.

वेळ धरून ठेवा: नुसतं धुणं एक तास, क्लेसकट अडीच तास, मशीनने पॉलिश आणि वॅक्स धरून पूर्ण दिवस. पहिल्यांदाच करत असाल तर शनिवार-रविवार असे दोन दिवस घ्या. घाईत टेप लावायचा राहतो.

## टप्पा १: चाकं आधी

चाकांवर ब्रेकची काळी भुकटी असते, त्यात लोखंडाचे कण असतात. चाकं शेवटी धुतली तर तो काळा शिंतोडा धुतलेल्या दरवाजांवर उडतो. म्हणून सुरुवात चाकांपासून. एक चाक पूर्ण करा, पाणी मारा, मग पुढचं. मडगार्डच्या आतला चिखलही आताच काढा. पावसाळ्यानंतर तिथे अक्षरशः ढेकळं निघतात.

सांभाळा: चाकांचं फडकं, ब्रश आणि बादली इथेच बाजूला ठेवा. त्यातलं काहीही पुन्हा रंगावर येता कामा नये.

## टप्पा २: हात न लावता पाणी

सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत कमी मानला जातो आणि खरं तर सर्वांत महत्त्वाचा आहे. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावर फडकं फिरवलं, कोरडं असो की ओलं, की ते सँडपेपरचं काम करतं. धूळ पाण्याने जायला हवी, फडक्याने नाही.

टपापासून खाली भरपूर पाणी सोडा. दरवाजांच्या खालचा भाग, मागचा बंपर आणि चाकांमागची जागा पुन्हा एकदा. तिथला चिखल वाळलेला असेल तर पाण्यात थोडा शॅम्पू घालून हातपंपाने फवारा आणि पाच मिनिटं भिजू द्या. तो वाळायच्या आत धुवा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल एक-दीड फूट लांब ठेवा, आणि जिथे रंगाचा टवका उडालेला आहे तिथे थेट मारू नका, कड उचलली जाते.

पक्ष्यांची वाळलेली विष्ठा खरवडू नका. ती आम्लधर्मी असते आणि त्यात बारीक खडेही असतात. ओलं फडकं दहा मिनिटं तिच्यावर ठेवा, मग उचलून घ्या.

तपासून पाहा: पाणी निथळल्यावर वाकून उजेडाच्या दिशेने बघा. अजून माती दिसते आहे? पुन्हा पाणी. हातमोजा घालायची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा ३: दोन बादल्या

एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शॅम्पूत बुडवायचा, पत्र्याचा एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि पुन्हा शॅम्पूत. एकच बादली असेल तर दरवाजावरून निघालेली वाळू त्याच पाण्यातून पुढच्या दरवाजावर जाते. अर्धी गाडी झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून बघा. बोटांना जो बारीक रवा लागतो, तो एका बादलीच्या पद्धतीत तुम्ही बॉनेटवर फिरवला असता.

शॅम्पूचं प्रमाण बाटलीवर असतं तेवढंच घ्या. भांड्यांच्या लिक्विडने तेलकटपणा निघतो, तसंच आधीचं वॅक्सही निघतं, म्हणून नेहमीच्या धुण्यात ते नको.

क्रम: टप, काचा, बॉनेट, डिकीचा वरचा भाग, दरवाजांचा वरचा अर्धा, आणि सगळ्यांत शेवटी खालचा अर्धा आणि बंपर. मोजा सरळ रेषेत चालवा, वजन न देता. डाग निघत नाही म्हणून दाबून घासायचं नाही, त्याच्यासाठी पुढे टप्पा आहे. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

दोन भाग झाले की त्यावर लगेच पाणी सोडा. फेस वाळू देऊ नका.

## टप्पा ४: वाळवणं

शेवटचं पाणी पाइपचं नोझल काढून किंवा मगाने, वरून एकसलग सोडा. पाणी चादरीसारखं घसरून जातं आणि थेंब कमी राहतात. मग जाड फडकं पसरून ठेवायचं, वरून हलका हात दाबायचा आणि उचलायचं. टिपायचं, पुसायचं नाही. आरसे, नंबरप्लेट, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि दरवाजांच्या फटी उघडून पुसा. तिथलं पाणी अर्ध्या तासाने ओघळून वॅक्सवर येतं.

नुसतं महिन्याचं धुणं असेल तर काम इथे संपलं. पुढचे टप्पे वर्षातून एकदा, वॅक्स मात्र उतरेल तेव्हा.

## टप्पा ५: धुऊन न निघणारे डाग

खाऱ्या पाण्याचे ठिपके. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. फडक्यावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. उन्हात करू नका, वाळू देऊ नका. ठिपका निघाला पण त्या जागी खड्ड्यासारखी गोल खूण राहिली, तर क्षारांनी थर खाल्ला आहे. ते काम पॉलिशचं.

सिमेंटचे शिंतोडे. सोसायटीच्या शेजारी बांधकाम चालू असेल तर हे ठरलेलंच. नखाने किंवा ब्लेडने खरवडलं की खाली कायमचा ओरखडा. तेच व्हिनेगरचं पाणी, पण इथे धीर हवा: पाच मिनिटं ओलं फडकं ठेवा, धुवा, पुन्हा ठेवा. तीन-चार फेऱ्यांत कण मऊ होऊन सुटतो.

डांबर. दरवाजांच्या खाली, चाकांमागे काळे ठिपके. डांबर काढण्याचं द्रावण फडक्यावर घेऊन लावा, विरघळलं की टिपून घ्या. रॉकेल किंवा डिझेल वापरायची जुनी सवय आहे आणि डांबर त्याने निघतंही, पण ते रबराच्या पट्ट्या खराब करतं आणि मागे तेलकट थर सोडतं, त्यावर वॅक्स धरत नाही.

चिकटा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा गोड चिकटा काचेवर आणि टपावर साचतो. पर्जन्यवृक्षांखाली पिठ्या ढेकणामुळे तसंच होतं. ताजा असताना कोमट पाणी आणि शॅम्पूने जातो. ऊन लागून कडक झाला असेल तर अल्कोहोलच्या स्प्रेने भिजवून, टिपून काढा.

लोखंडाचे कण. गाडी रोज स्टेशनजवळ, रुळांच्या कडेला उभी राहत असेल तर पांढऱ्या रंगावर तांबूस सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. लोह विरघळवणारं द्रावण मिळतं. फवारलं की ते ठिपके जांभळे होऊन ओघळायला लागतात. वास उग्र असतो, हातमोजे घाला, आणि तीन-चार मिनिटांत धुऊन टाका.

यानंतर गाडी पुन्हा एकदा शॅम्पूने धुवा. हे दुसरं धुणं टाळू नका, नाहीतर द्रावणं क्लेखाली जातात.

## टप्पा ६: क्ले

प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर बोटं हलकेच फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. हे कण रंगात रुतलेले असतात, धुण्याने जात नाहीत. त्यांच्यावरच पॉलिशचं पॅड फिरवलं की ते सुटतात आणि पॅडखाली सापडून नवे चरे पाडतात. क्ले वगळून थेट पॉलिश करणाऱ्यांना ‘पॉलिश केल्यावर जाळी वाढली’ असं वाटतं, त्याचं कारण बहुधा हेच.

क्लेचा लिंबाच्या फोडीएवढा तुकडा तोडा, हातात मळून चपटा करा. पत्र्यावर क्लेचं लुब्रिकंट किंवा पातळ शॅम्पूचं पाणी भरपूर फवारा. तुकडा दोन बोटांखाली, वजन न देता, पुढे-मागे सरळ सरकवा. सुरुवातीला घरघर ऐकू येते, मग आवाज बंद होतो आणि क्ले पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते. तो भाग झाला. अडखळली की पाणी कमी पडलंय, लगेच फवारा.

दर भागानंतर क्ले उलटून बघा. पिवळसर-तपकिरी मळ दिसला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर आणा.

सांभाळा: क्ले जमिनीवर पडली तर फेकून द्या. पुसून, धुऊन, कशीही चालत नाही, खडे तिच्या आत जातात. म्हणूनच पूर्ण वडी एकदम हातात घ्यायची नाही.

क्लेने स्वतःचे हलके चरे पडू शकतात. त्यामुळे क्ले केली की निदान बारीक पॉलिश तरी करायचं हे धरून चाला.

## टप्पा ७: पॉलिश

गाडी धुऊन पूर्ण वाळलेली हवी. टॉर्च तिरका धरून एकेक भाग बघा आणि ठरवा की खरंच पॉलिशची गरज कुठे आहे. सगळ्या गाडीला करायलाच हवं असं नाही. बरेचदा बॉनेट, डिकी आणि चालकाच्या बाजूचा दरवाजा एवढ्यावर भागतं.

नखाची चाचणी: ओरखड्यावर नख आडवं फिरवा. अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. त्याच्यामागे लागून तीच जागा घासत राहिलात तर ओरखडा राहील आणि आजूबाजूचा थर जाईल. तो सोडून द्या, टचअपच्या रंगाने झाका.

आता टेप लावा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, बॅज, दिव्यांच्या कडा, आणि बॉनेट-दरवाजांच्या धारदार रेषा. कडांवर आणि घड्यांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. मी पहिल्यांदा मशीन हातात घेतलं तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेला टेप न लावता तसाच फिरवत गेलो. काही सेकंदांत रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत चमक मेली आणि हात फिरवला तर खरखर लागली. तिथला पारदर्शक थर संपला होता. ते दुरुस्त करायला अख्खं बॉनेट रंगवून घ्यावं लागलं.

### हाताने

दोन-चार ठिकाणच्या खुणांसाठी हात पुरतो. फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब, एक फूट बाय एक फूट जागा, सरळ पुढे-मागे आणि मग आडवं, मध्यम दाब. दोन-तीन मिनिटं. पुसा, टॉर्चने बघा. अख्खी गाडी हाताने करायला जाऊ नका. खांदा भरून येतो, दाब असमान पडतो आणि शेवटचे दरवाजे नीट होत नाहीत.

### मशीनने

घरी वापरायला ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि डुलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. गॅरेजवाले वापरतात ते रोटरी मशीन शिकाऊ हातात रंग जाळू शकतं. साध्या ड्रिल मशीनला पॅड लावणं हा तर रोटरीचाच वाईट प्रकार आहे.

आधी चाचणीचा चौकोन करा. बॉनेटवर टेपने ४० बाय ४० सेंटिमीटरची जागा आखा. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिशने सुरुवात करा. जाळी गेली तर पूर्ण गाडीला तेच. नाही गेली तर पॅड एक पायरी कडक घ्या, तरी नाही तर पॉलिश एक पायरी जाड. बहुतेक जण उलटं करतात, पहिल्याच फटक्यात जाड कंपाउंड, आणि गरज नसताना थर घालवून बसतात.

1. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. पहिल्या वेळी पॅडच्या सगळ्या तोंडाला बोटाने पॉलिश चोळून घ्या.
2. मशीन बंद ठेवून पॅड पत्र्यावर टेकवा, चौकोनात चार-पाच ठिकाणी ठिपके द्या. मगच चालू करा. हवेत चालू केलं की शिंतोडे भिंतीपर्यंत जातात.
3. सर्वांत कमी वेगावर पसरवा, मग मशीनवरच्या वेगाच्या आकड्यांत चार किंवा पाचवर या.
4. हात संथ, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढलेला. आधी उभे पट्टे, मग आडवे. अशा चार ते सहा फेऱ्या.
5. पॅड पत्र्यावर टेकलेलं असतानाच मशीन बंद करा. पुसा, अल्कोहोलचा स्प्रे मारून पुन्हा पुसा, टॉर्चने बघा.

अल्कोहोल का? पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि जाळी गेल्याचा भास होतो. पहिल्या धुण्यात तेल जातं आणि चरे परत दिसतात. तेल काढून बघितलं की खरं काय ते कळतं. हात धुवायचं सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं.

दाब किती, हे सांगणं कठीण, म्हणून एक युक्ती: पॅडमागच्या गोल प्लेटच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ ओढा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली आणि नुसती थरथर उरली, म्हणजे दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं धरलंय.

दर भागानंतर जुन्या टूथब्रशने पॅड झाडा. माखलेलं पॅड काम करत नाही, फक्त गरम होतं.

तपासून पाहा: अधूनमधून पत्र्याला हात लावा. कोमट चालेल, गरम नाही. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांच्यात उष्णता साचते. तिथे वेग कमी आणि फेऱ्या निम्म्या.

थांबा: पॅडवर गाडीचा रंग दिसला तर दोन अर्थ होतात. जुन्या, पारदर्शक थर नसलेल्या गाडीवर तो यायचाच. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर आला तर वरचा थर गेला आहे. ती जागा लगेच सोडा.

विजेचं: फरशी कोरडी, पायात चप्पल-बूट, एक्स्टेंशनची वायर खांद्यावरून मागे सोडलेली. वायर दरवाजावर घासत राहिली तर पॉलिश केलेल्या जागीच नवे चरे.

## टप्पा ८: वॅक्स

टेप काढा, फटींत साचलेली पॉलिशची पावडर मऊ ब्रशने झाडा, पूर्ण गाडी अल्कोहोलच्या स्प्रेने शेवटची पुसून घ्या. वॅक्स स्वच्छ पृष्ठभागालाच धरतं.

पेस्ट वॅक्स बहुधा कार्नौबाचं असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. चमक ओलसर, खोल दिसते, पण आपल्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांच्या वर अपेक्षू नका. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम द्रव्य, चार-सहा महिने टिकतं. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल तर मी सीलंटच सुचवेन.

अ‍ॅप्लिकेटर डब्यात एकदा, फार तर दोनदा फिरवा. एवढंसं वॅक्स अर्ध्या बॉनेटला पुरतं. थर इतका पातळ हवा की धूसर सावलीसारखा दिसेल. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना जीव जातो आणि फडक्याने रेघा उठतात. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

बोटाची चाचणी: काही मिनिटांनी एक बोट ओढून बघा. माग स्वच्छ, चमकदार निघाला तर पुसायला तयार. चिकट रेघ उठली तर थांबा. घाटावर दहा मिनिटांत होतं, कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत त्याच्या दुप्पट लागू शकतं.

पुसायला दोन फडकी: पहिलं वॅक्स उचलतं, दुसरं कोरडं फडकं चमक आणतं. फडक्याची चौपदरी घडी करून घ्या म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. पुढची काच वॅक्सपासून लांब ठेवा, वायपर थरथरतो. काळ्या प्लास्टिकला लागून पांढरा डाग वाळला तर शाळेच्या खोडरबराने घासा, निघतो.

दुसरा हात द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी. पहिले बारा तास गाडीवर पाणी पडू देऊ नका.

## दसऱ्याची पूजा आणि रोजचं पुसणं

इतकं करून खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बॉनेटवर ओल्या हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं आणि ते दिवाळीपर्यंत तसंच राहतं. उन्हाने कुंकवाचा रंग थरात उतरतो, पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा कायमची राहते. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काचेवरून ते पूर्ण निघतं. बॉनेटवरच हवं असेल तर पूजेच्या आधी वॅक्स झालेलं असू द्या आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने भिजवून काढा, कोरडं पुसू नका. झेंडूचा हार बांधून गाडी चालवली की त्याची सुतळी वाऱ्याने फडफडून रंगावर घासते. फेरी मारण्यापूर्वी काढून ठेवा.

रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या काकांशी बोलून घ्या. एका बादलीत पंधरा गाड्या उरकायच्या असतात, त्यात त्यांची चूक नाही. पगार तेवढाच ठेवा आणि फक्त काचा, आरसे, पायपुसण्या एवढंच करायला सांगा, फडकं आपलं द्या. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, ते वाऱ्याने हलून दिवसभर घासतं.

## फडक्यांची काळजी

वॅक्सची फडकी, टिपायची फडकी आणि चाकांची फडकी वेगवेगळी धुवा. कोमट पाणी, थोडं लिक्विड डिटर्जंट, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. तो तंतूंवर बसतो आणि फडकं पाणी टिपायचं थांबतं. सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं तर सुताचे तंतू त्यात अडकतात. सावलीत वाळवा आणि वाळल्याबरोबर झिपच्या पिशवीत बंद करा, दोरीवर दिवसभर राहिलं तर धूळ धरतं.

वॅक्सच्या डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने तारीख लिहा. पुढच्या प्रत्येक धुण्यात बॉनेटवर पाणी सोडून बघा: थेंब गोल, उभे राहून घरंगळले तर वॅक्स अजून आहे. पाणी सपाट पसरून रेंगाळलं तर ते उतरलं आहे. अशा वेळी टप्पा १ ते ४ करून थेट आठव्यावर या. पॉलिशचा डबा बाहेर काढू नका.